सेनापती बापट: इंजिनिअरिंगला गेलेला मुलगा मुळशीत कसा पोचला

मागच्या भागानंतर जे मेसेज आले, त्यात कॉलेजातल्या मुलांचे बरेच होते, आणि फिरून फिरून प्रश्न एकच. लहानपणी एक गोष्ट मनापासून आवडायची, आता शिकतोय भलतंच, मग आपलं खरं काम कोणतं हे कळणार कधी? मी काही करिअरचा सल्ला देणारा माणूस नाही. लहानपणी दिवाळीत किल्ला करताना मी मावळ्यांपेक्षा पाण्याच्या टाक्यांचा विचार जास्त करायचो, आणि शेवटी बीटेक करून कोड लिहायला लागलो. त्यामुळे उत्तर माझ्याकडेही नाही. पण एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याची गोष्ट माझ्याकडे आहे, ती आज सांगतो.

सुरुवात जरा लांबून करतो. मागच्या वर्षी आमच्या टीमची सहल कोलाडला गेली होती, कुंडलिकेत राफ्टिंगला. सकाळी लवकर नेऊन बसवलं आणि नदीत पाणीच नाही. म्हणजे होतं, पण घोट्याएवढं. गाईड म्हणाला, "थांबा जरा, वर मशीन चालू झालं की पाणी येईल." आणि खरंच, थोड्या वेळात नदी भरून वाहायला लागली. ते वरचं मशीन म्हणजे भिऱ्याचं वीजकेंद्र. आणि तिथं येणारं पाणी कुठलं? तर घाटमाथ्यावरच्या मुळशी धरणाचं. नीला आणि मुळा या नद्यांचं पाणी खरं तर पूर्वेला, पुण्याकडे, भीमेकडे जायचं. ते अडवून, सह्याद्रीतून पश्चिमेला वळवून, कोकणात खाली सोडलंय. वरून खाली पडताना त्याची वीज होते, आणि उरलेल्या पाण्यात आम्ही हेल्मेट घालून ओरडतो.

आता गंमत बघा. आमचं ऑफिस हिंजवडीत. हिंजवडी तालुका मुळशी. ऑफिसला जाताना मी बऱ्याचदा सेनापती बापट रस्त्यानं जातो. त्या रस्त्यावरही काचेच्या इमारती, आयटीची ऑफिसं, मॉल. हा रस्ता ज्यांच्या नावाचा आहे त्यांना 'सेनापती' ही पदवी कुठल्या लढाईत मिळाली, हे मला पंचविशीपर्यंत माहीत नव्हतं. वाटायचं असेल कुठलं तरी सैन्य. तर ती मिळाली मुळशीत, याच धरणाविरुद्धच्या लढ्यात. आणि हा माणूस इंग्रजांच्या देशात शिकायला काय गेला होता? मेकॅनिकल इंजिनिअरिंग!

पांडुरंग महादेव बापट. जन्म १२ नोव्हेंबर १८८०, पारनेर, नगर जिल्हा. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी पुण्यात चिपळूणकर आणि टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केली होती, पुढे आगरकरही येऊन मिळाले. बापट काही काळ त्याच शाळेत शिकले. मॅट्रिक मात्र नगरहून झाले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. त्या काळात ही शिष्यवृत्ती म्हणजे काय होतं, हे आजच्या भाषेत सांगायचं तर बोर्डात झळकल्यासारखं. घरची परिस्थिती बेताची, मुलगा हुशार, संस्कृतात रमणारा, कविता करणारा. हे त्यांचं लहानपणचं वेड. आणि हे वेड सुटलं नाही, ते आयुष्यभर कविता करत राहिले, तुरुंगातसुद्धा.

पण शाळेची ती वर्षं साधी नव्हती. प्लेग आला. १८९७ च्या जूनमध्ये चाफेकर बंधूंनी रँडला मारलं, तेव्हा बापट सोळा वर्षांचे होते. सोळाव्या वर्षी आपल्या शहरात असं काही घडलं तर पुस्तकातलं कालिदासाचं जग आणि बाहेरचं जग यांचा मेळ कसा घालायचा? मला वाटतं, त्यांच्या गोष्टीची खरी सुरुवात इथं आहे.

मग डेक्कन कॉलेज. येरवड्याला, मुळा-मुठेच्या काठी. टिळक-आगरकरांचं कॉलेज. तिथल्या वसतिगृहात रात्र रात्र चर्चा करून त्या दोघांनी आपलं आयुष्य ठरवलं, हे आपण शाळेत ऐकलेलं असतं. बापट तिथं वीसेक वर्षांनी पोचले. वर्गात तत्त्वज्ञान आणि साहित्य, वसतिगृहात क्रांतीच्या गप्पा. हातात शस्त्र घेऊन देशासाठी मरण्याची शपथ त्यांनी घेतली ती याच दिवसांत. आज हे वाचताना थोडं नाटकी वाटतं. मलाही वाटलं. पण विशीतली मुलं नाटकी असतातच. आपणही हॉस्टेलच्या गच्चीवर रात्री दोनला कसल्या कसल्या शपथा घेतल्यात. फरक इतकाच, की सकाळी आपण त्या विसरलो.

बापट १९०३ मध्ये बी.ए. झाले आणि त्यांना मुंबई विद्यापीठाची मंगलदास नथूभाई शिष्यवृत्ती मिळाली. परदेशी जाऊन शिकण्यासाठी. १९०४ मध्ये ते स्कॉटलंडला एडिंबराच्या हेरियट-वॉट कॉलेजात दाखल झाले, मेकॅनिकल इंजिनिअरिंगला.

इथं मी बराच वेळ अडकलो होतो. संस्कृतचा स्कॉलर, कविता करणारा मुलगा, यंत्रं शिकायला का जाईल? साधं उत्तर असं की संधी मिळाली, गेला. आपल्यातल्या निम्म्या लोकांनी इंजिनिअरिंग असंच घेतलं ना? मार्क होते, सीट होती, घरच्यांनी सांगितलं. पण बापटांच्या डोक्यात ती शपथही होती, आणि देश उभा करायचा तर यंत्रं, शस्त्रं, कारखाने आपल्याला कळले पाहिजेत हा विचार तेव्हा हवेतच होता. दोन्ही कारणं एकाच वेळी खरी असू शकतात.

एडिंबरात काय झालं? अभ्यासाबरोबर वाचन सुरू झालं, आपल्या देशातून पैसा कसा बाहेर जातो याचं. मग एका सभेत त्यांनी हिंदुस्थानातल्या ब्रिटिश राज्यावर निबंध वाचला. तिखट. तो छापला गेला, त्याची बातमी मुंबईपर्यंत पोचली आणि शिष्यवृत्ती बंद झाली. विचार करा, परक्या देशात, थंडीत, महिन्याचे पैसे बंद. घरून मागवायची सोय नाही. इथं माणूस सहसा माफी मागतो, किंवा परत येतो. बापट लंडनला गेले. तिथं श्यामजी कृष्ण वर्मांनी १९०५ मध्ये हायगेट भागात 'इंडिया हाऊस' सुरू केलं होतं. १९०६ मध्ये सावरकर तिथं आले. बापटांना आसरा मिळाला आणि कामही मिळालं. इंजिनिअरिंगची पदवी राहिली ती राहिलीच.

काम होतं बॉम्ब करायला शिकण्याचं. त्यासाठी पॅरिस. तिथं रशियन क्रांतिकारक होते, त्यांच्याकडे ती विद्या होती. बंगालचे हेमचंद्र दास तर त्यासाठी आपली मालमत्ता विकून आले होते. रशियन भाषेतली कृती हाती लागली, तिचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं, प्रती काढल्या आणि १९०८ मध्ये बापट ती घेऊन भारतात आले. म्हणजे बघा, ज्या माणसाला बॉयलर आणि इंजिनं शिकायला पाठवलं होतं, तो परत येताना स्फोटकांचं मॅन्युअल घेऊन आला. आमच्या भाषेत सांगायचं तर स्पेशलायझेशन बदललं.

त्याच वर्षी ३० एप्रिलला मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला. न्यायाधीश किंग्जफर्डसाठी होता, मेल्या त्या दोन इंग्रज बायका. मग अलीपूरचा खटला, माफीचा साक्षीदार, आणि बापटांचं नाव बाहेर आलं. चारेक वर्षं भूमिगत. १९१२ मध्ये इंदूरला पकडले गेले, पण पुरावा पुरेसा नव्हता, सुटले.

आता त्यांचं वय बत्तीसच्या पुढे. ना पदवी, ना नोकरी, पोलिसांची नजर कायम. गाव पारनेर. तिथं त्यांनी काय केलं? हातात झाडू घेतला. रस्ते झाडायला लागले, संडास साफ करायला लागले. दलित मुलांना शिकवायला लागले. १९१४ मध्ये मुलगा झाला तेव्हा पहिली पंगत ब्राह्मणांची न बसवता दलितांची बसवली. एका खेड्यातल्या ब्राह्मणानं १९१४ मध्ये असं करणं म्हणजे काय, याचा अंदाज आपल्याला बसणं अवघड आहे. बॉम्बपेक्षा हे जास्त धाडसाचं होतं असं मी म्हणेन. पोलीस बाहेरचे असतात, गावातली माणसं घरातली.

पुढे पुण्यात 'मराठा' पत्रात काम. मग मुंबईत झाडूवाल्या कामगारांची संघटना. अंदमानातल्या राजबंद्यांच्या सुटकेसाठी दारोदार जाऊन सह्या गोळा करणं. हे सगळं करणारा माणूस कोण? पत्रकार? क्रांतिकारक? समाजसेवक? त्या काळी लिंक्डइन असतं तर बापटांच्या प्रोफाइलवर एचआरवाल्यांनी नुसता कपाळाला हात लावला असता.

आणि मग मुळशी.

हे थोडं सावकाश सांगतो, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांना मुळशी म्हटलं की 'मुळशी पॅटर्न' सिनेमा आठवतो, नाहीतर पावसाळ्यातला ताम्हिणी घाट आणि कणीस. पण जमिनीचा प्रश्न या तालुक्याला फार जुना आहे.

मुंबईला वीज हवी होती. गिरण्यांना, ट्रामला, पुढे लोकलला. टाटांनी लोणावळ्याच्या तळ्यांचं पाणी खोपोलीला उतरवून १९१५ मध्ये वीज सुरू केली होती. मग आंध्रा खोरं, भिवपुरी. आणि तिसरा प्रकल्प मुळशी, त्यासाठी १९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली. अभियांत्रिकी म्हणून बघाल तर योजना अप्रतिम आहे. घाटमाथ्यावर प्रचंड पाऊस पडतो, पश्चिमेला सरळ कडा आहे, खाली कोकण. निसर्गानंच अर्धं काम करून ठेवलेलं. मी स्वतः भिऱ्याचा आराखडा बघून खूश झालो होतो, खोटं कशाला बोलू.

फक्त खोऱ्यात माणसं राहत होती. पन्नासहून जास्त गावं, दहा हजारांवर लोक. मावळे. आंबेमोहोर पिकवणारे. मुळशीच्या आंबेमोहोराला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळालंय, तोच हा तांदूळ. खोऱ्यातली उत्तम भातखाचरं नेमकी पाण्याखाली जाणारी. सरकारनं भूसंपादन कायदा लावून जमीन कंपनीसाठी घ्यायचं ठरवलं. लोकांना कळलं कसं? तर खाचरात चर खणायला माणसं आली तेव्हा. एका शेतकऱ्यानं अडवलं तर गोऱ्या अधिकाऱ्यानं पिस्तूल दाखवलं, असं त्या काळच्या हकिकतीत येतं.

मुळशी पेट्यात विनायकराव भुस्कुटे फिरले, पुण्यात सभा झाल्या, केळकर वगैरे मंडळी आली. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. हजारावर मावळे, बायका-मुलांसकट, धरणाच्या कामावर जाऊन बसले. काम थांबलं. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. गांधींनी 'यंग इंडिया'त टाटांना उद्देशून लिहिलं. महिन्याभरात कंपनीनं सहा महिने काम थांबवायचं कबूल केलं. बापट चाळिशीचे होते. एडिंबराला गेले त्याला सतरा वर्षं झाली होती.

मला राहून राहून वाटतं, ज्या माणसाला टर्बाइन कशी फिरते हे त्या सगळ्या सत्याग्रहींमध्ये सगळ्यात चांगलं कळत असणार, तो टर्बाइनच्या विरुद्ध बाजूला बसला होता. शिष्यवृत्ती बंद झाली नसती तर? पदवी घेऊन आला असता, हुशार होता, कदाचित अशाच एखाद्या कंपनीत लागला असता. कदाचित मुळशीच्या कामावरच साहेब म्हणून आला असता. इतिहासात असे प्रश्न विचारायचे नसतात म्हणतात, पण मी इतिहासकार नाही, त्यामुळे विचारतो.

सहा महिन्यांची मुदत संपल्यावर काम परत सुरू झालं आणि लढाही. बापट तुरुंगात गेले, भुस्कुटे गेले, शिवरामपंत परांजपे गेले, खोऱ्यातल्या बायकासुद्धा गेल्या. मुळशीचे अनेक कैदी येरवड्यात होते. नेमून दिलेलं काम करायला नकार दिला म्हणून त्यांना फटके मारले गेले. तेव्हा गांधीही त्याच तुरुंगात कैदी होते आणि त्यांनी याबद्दल अधिकाऱ्यांकडे दाद मागितली. आता नकाशा डोळ्यासमोर आणा. येरवडा तुरुंग आणि डेक्कन कॉलेज. एकाच भागात. शपथ घेतली ती जागा आणि तिची किंमत चुकवायची जागा, चालत जाण्याच्या अंतरावर.

लढा हरला, हे सांगायलाच हवं. आणि फक्त इंग्रज सरकारमुळे हरला असंही नाही. राजेंद्र व्होरांनी मुळशी सत्याग्रहावर जे पुस्तक लिहिलंय, ते मिळालं तर जरूर वाचा. खोऱ्यातली बरीच जमीन कागदावर पुण्याच्या सावकारांच्या नावावर होती. कसणारा मावळा, मालक सावकार. मावळ्याला जमीन हवी होती, सावकाराला चांगला मोबदला. मोबदल्याचं गणित जुळल्यावर सावकार बाजूला झाले. पुढाऱ्यांमध्ये मतभेद होते, गांधींचं लक्ष देशभरच्या आंदोलनाकडे होतं, आणि बापटांची अहिंसा त्यांना पक्की वाटत नव्हती. त्यात ते चुकीचे होते असंही म्हणता येत नाही. कारण १९२४ च्या डिसेंबरात बापटांनी चार-पाच साथीदारांना घेऊन कंपनीच्या रेल्वेवर दगड टाकून गाडी अडवली, पिस्तूल चाललं, माणसं जखमी झाली. ते पळून गेले नाहीत. सात वर्षांची शिक्षा झाली. १९३१ मध्ये सुटले. तोवर धरण बांधून झालं होतं, १९२७ मध्ये भिऱ्याची वीज मुंबईला जायला लागली होती.

त्यांच्या पुढच्या आयुष्याबद्दल एवढंच. सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकचं काम केलं, १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात तिरंगा फडकवला, १९५५ मध्ये चौऱ्याहत्तराव्या वर्षी नानासाहेब गोऱ्यांच्या तुकडीबरोबर गोव्याच्या सत्याग्रहात गेले. २८ नोव्हेंबर १९६७ ला वारले.

हा भाग तयार करताना मी आधी सरळ गोष्ट लिहिली होती. हुशार मुलगा, कॉलेज, शपथ, मग देशकार्य. वाचून बघितली आणि खोटी वाटली. कारण कॉलेजात बापटांना काम सापडलं नव्हतं. काय करायचं हे त्यांनी पुढची वीस वर्षं सारखं बदललं. बॉम्ब, झाडू, वर्तमानपत्र, सत्याग्रह, परत पिस्तूल. कॉलेजात सापडलं ते एवढंच, की हे शिक्षण मी कुणाच्या जिवावर घेतोय आणि ते कुणासाठी वापरू. त्याची उत्तरं त्यांनी कधी बरोबर काढली, कधी साफ चुकवली. रेल्वेवरचा हल्ला मला आजही पटत नाही. पण प्रश्न त्यांनी सोडला नाही.

हे सगळं मी एकदा जेवणाच्या सुट्टीत टीममधल्या एका मित्राला सांगत होतो. रोज डब्यात भात आणणारा मुलगा, फारसा बोलत नाही. मी म्हणालो, "बघ ना, काय माणूस होता, कॉलेजात असताना ठरवलं आणि आयुष्य दिलं." तो म्हणाला, "आमचं गाव आत आहे."

मला कळेना. आत म्हणजे?

"पाण्यात. पणजोबांचं गाव. धरणाच्या कडेला वर सरकले ते. जमीन राहिली नाही, आजोबा हमाली करायचे, वडील कंपनीत हेल्पर. मला कुणी विचारलं नाही काय आवडतं म्हणून. इंजिनिअरिंगला जा म्हणाले, गेलो." मग जरा हसला. "पणजोबांना मात्र आवडायचं म्हणे. भात."

मी गप्प बसलो. तासभर बापटांच्या निवडीबद्दल बोलत होतो, आणि समोर बसलेल्याच्या घरी ती निवड करायची वेळच कुणावर आली नव्हती. त्यानं विचारलं, तुझ्या भागात गावांची नावं येणार आहेत का? मी म्हटलं, नाही, आकडा येणार आहे, पन्नासहून जास्त. तो म्हणाला, "आजीला विचारतो. तिला सगळी तोंडपाठ आहेत."

उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की काही जुन्या देवळांचे, भिंतींचे दगड वर येतात. मे महिन्यात आम्ही दोघं जाणार आहोत, आजीला घेऊन. ती तयार झाली तर तिचा आवाज रेकॉर्ड करून पुढच्या एखाद्या भागात ऐकवीन. तुमच्यापैकी कुणाच्या घरी मुळशीच्या जुन्या गावांच्या आठवणी असतील, कागद असतील, फोटो असतील, तर जरूर कळवा. भेटू.